काळ्या अभिनेत्रींचा मान आणि आपल्या लेकी

२० सप्टेंबर २०१५ च्या रात्री अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात एक बाई पुरस्कार घेण्यासाठी व्यासपीठावर चढली. बाईचे नाव व्हायोला डेव्हिस. पुरस्काराचे नाव एमी. टीव्हीवरील मालिकांच्या दुनियेत तिकडे याहून मोठा मान नाही. त्या वर्षीचा तो ६७ वा सोहळा होता. आणि गंभीर कथेच्या मालिकेतील, म्हणजे तिकडे ज्याला ड्रामा म्हणतात त्यातील, प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार त्या रात्रीपर्यंत एकाही काळ्या स्त्रीला मिळालेला नव्हता.

व्हायोलाबाईंचा जन्म १९६५ चा. साऊथ कॅरोलिना राज्यात ज्या मळ्यावर एके काळी गुलाम राबत होते, त्याच मळ्यावरच्या आजीच्या घरात त्या जन्मल्या. पुढे आईबाप पोट भरण्यासाठी दूर ऱ्होड आयलंड राज्यातील एका गिरणी-कारखान्यांच्या गावात गेले. घर पडके, घरात उंदरांचा सुळसुळाट, आणि पोटभर जेवणाची खात्री फक्त शाळेत. शाळेतल्या खिचडीवर दुपार काढणारी लेकरे ज्यांनी वाढविली आहेत, त्या आपल्या मायमाउल्यांना यातले काही वेगळे समजावून सांगायला नको. या बाईंना पुरस्कार मिळाला तो कायदा शिकविणाऱ्या एका करारी प्राध्यापिकेच्या भूमिकेसाठी. पुरस्कार हातात घेऊन त्यांनी आधी स्मरण केले ते हॅरिएट टबमन यांचे. १८४९ साली गुलामीतून पळून सुटलेली ही बाई पुन्हा पुन्हा माघारी गेली आणि सुमारे ७० जणांना सोडवून घेऊन आली. मग व्हायोलाबाई म्हणाल्या त्याचा आशय असा, की आमच्यात आणि इतर बायकांत फरक आहे तो फक्त संधीचा. जी भूमिका लिहिलीच जात नाही तिच्यासाठी पुरस्कार कुठून मिळणार?

हे भाषण जगभर गाजले. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. एमीच्या सात महिने आधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, याच बाईंना याच भूमिकेसाठी दुसरा एक पुरस्कार मिळालेला होता. तो होता इमेज ॲवॉर्ड, म्हणजे प्रतिमा पुरस्कार. तो गोऱ्यांनी दिलेला नव्हता. काळ्या समाजाने स्वतः उभा केलेला तो पुरस्कार आहे. व्हायोलाबाईंच्या आधी केरी वॉशिंग्टन या अभिनेत्रीला 'स्कँडल' मालिकेसाठी २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो मिळाला. तिला त्या भूमिकेसाठी एमीचे नामांकन मिळाले, एमी काही मिळाली नाही. म्हणजे घरच्यांनी ओळखले आणि बाहेरच्यांना ओळखायला वेळ लागला. झेंडाया या तरुण अभिनेत्रीने २०२० आणि २०२२ साली तीच एमी दोनदा घेतली, पण तोवर दार उघडलेले होते.

हा प्रतिमा पुरस्कार देणारी संस्था कोणती? काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली एन.ए.ए.सी.पी. तिच्या संस्थापकांपैकी एक थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. आता आपल्या वाचकांच्या ध्यानात येईल. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा ही संस्था अवघी चार वर्षांची होती. आणि पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितल्याचे त्यांनी वाचले होते. आपल्या अस्पृश्य समाजाचाही तसाच विचार चालू आहे, तरी त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळतील काय, अशी विचारणा त्यांनी केली. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. ही ओळख राजकीय लढ्यापुरती होती खरी, पण त्या समाजाच्या चळवळीकडे पाहण्याची वाट बाबासाहेबांनीच आपल्याला दाखविली आहे. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला दलित पँथर हे नाव दिले ते उगीच नव्हे.

मग हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या लढविणाऱ्या संस्थेला नट-नट्यांच्या पुरस्कारांत पडण्याचे कारण काय?

कारण असे, की पडद्यावर काळी बाई दिसायची ती मोलकरीण म्हणूनच. हॅटी मॅकडॅनियल ही गुलाम आईबापांची लेक. तिला २९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर मिळाला. असा मान मिळविणारी ती पहिलीच काळी कलावंत. पण भूमिका कोणती, तर गोऱ्या मालकिणीच्या घरातील दाईची. आणि ज्या हॉटेलात समारंभ झाला तिथे काळ्यांना प्रवेशबंदी. खास परवानगी काढून तिला आत घेतले आणि भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसविले. चित्रपटातले तिचे सहकारी दुसऱ्या टेबलावर. वेगळे पान, वेगळी पंगत! ही पद्धत फक्त आपल्याकडचीच असे समजण्याचे कारण नाही.

टीव्ही आला तेव्हा त्यावरही तेच. १९५० साली 'ब्यूला' ही मालिका सुरू झाली. काळी बाई प्रमुख भूमिकेत असलेली ती तिकडची पहिली मालिका, आणि ब्यूला कोण? गोऱ्या कुटुंबाची हसतमुख मोलकरीण. १९५१ साली एन.ए.ए.सी.पी.ने या मालिकेचा जाहीर निषेध केला. यावर काळ्या कलावंतांतच दोन तट पडले. पोटावर पाय देता काय, असे कलावंत म्हणत. समाजाची इज्जत विकता काय, असे पुढारी म्हणत. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

पुढची सोळा वर्षे निषेधाची होती. १९६७ साली याच संस्थेच्या हॉलीवूडमधील शाखेने प्रतिमा पुरस्कार सुरू केले. नुसते 'अशा भूमिका करू नका' असे सांगून भागत नाही, चांगली भूमिका कुणी केली तर तिच्या पाठीवर हात ठेवणारेही कुणी पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्याच सुमाराची एक हकीकत निशेल निकोल्स या अभिनेत्रीने अनेकदा सांगितली आहे. 'स्टार ट्रेक' या मालिकेत ती अवकाशयानावरील अधिकारी होती. तिने काम सोडायचे ठरविले. याच संस्थेच्या एका कार्यक्रमात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले. ते म्हणाले, सोडू नकोस, आमच्या घरात मुलांना जी मालिका पाहू देतो ती हीच. तिने काम सोडले नाही. १९६८ साली 'ज्युलिया' आली. तिची नायिका परिचारिका होती, नवऱ्यामागे मुलाला एकटीने वाढविणारी. ती भूमिका डायहॅन कॅरोल यांनी केली. १९७० साली गेल फिशर यांना सहायक भूमिकेसाठी एमी मिळाली, कोणत्याही काळ्या अभिनेत्रीला मिळालेली ती पहिली. १९७४ साली सिसिली टायसन यांनी एका टीव्ही-चित्रपटात एकशेदहा वर्षे जगलेल्या, गुलामगिरी डोळ्यांनी पाहिलेल्या म्हातारीचे काम केले आणि एमी जिंकली. हलकी भूमिका घ्यायची नाही असा टायसनबाईंचा नेम होता. त्यापायी त्यांना कामाशिवाय दिवस काढावे लागले.

आणि एक गोष्ट मला या सगळ्यांत फार बोलकी वाटते. १९९० साली प्रतिमा पुरस्कारांत चित्रपटातील प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार दिलाच गेला नाही. असे पूर्वीही घडलेले होते. कारण काय, तर काळ्या स्त्रीला प्रमुख भूमिका मिळालेले पुरेसे चित्रपटच त्या वर्षी निघाले नव्हते. संस्थेवर टीका झाली. पण ती रिकामी जागा म्हणजे हॉलीवूडच्या तोंडावर फेकलेला हिशेबच होता. आपला पुरस्कार असला की आपली वही असते, आणि वहीत शून्यही मांडता येते.

आता आपल्याकडे येऊ. १९९० हेच साल घेऊ. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले ते वर्ष. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनवर 'नाजुका' नावाची मालिका आली. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथनावरची ही मालिका. शांताबाई सोलापूर जिल्ह्यातील महूदच्या, जन्म १९२३ चा. १९४२ साली त्या शिक्षिका झाल्या, पुढे सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. पँथर नेते, कवी अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव. शाळेत बाहेर बसविलेल्या, भुकेने कळवळलेल्या महाराच्या नाजाची गोष्ट टीव्हीवर, तीही सरकारी टीव्हीवर! मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले होते. १८ वर्षांत आपल्या बाईने स्वतः लिहिलेले आपले आयुष्य घराघरांत गेले. शांताबाई २०२३ साली वारल्या, शंभरीला पोहोचता पोहोचता. आज आपल्या किती घरांतल्या मुलींना 'नाजुका' हे नाव ठाऊक आहे? आपल्यापैकी कुणी त्या मालिकेचा, त्यात काम केलेल्यांचा सत्कार केल्याचे ऐकिवात नाही.

त्याच १९९० साली विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दुसऱ्यांदा गौरविण्यात आले. पहिला गौरव १९५७ चा. विठाबाई मातंग समाजातल्या, भाऊ बापू मांग यांच्या फडात वाढलेल्या. फडावर नाचता नाचता कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा आपल्याकडे आष्टी-पाटोद्याच्या जत्रांत तमाशा पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. दोन राष्ट्रपतींचे मान आणि अखेरीस हलाखी. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना हात पुढे करावे लागले होते. पुढे २००६ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांना तो मिळाला. चांगलेच झाले. पण तो सरकारने दिला, आपण नव्हे.

इथे कुणी म्हणेल, तमाशाचे नाव या पानावर कशाला काढता? बाबासाहेबांनी तर आमच्या बायकांना ते सोडायला लावले. हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पठ्ठे बापूराव हे जातीने कुलकर्णी, त्यांच्या फडाची कीर्ती मात्र संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईंच्या पायांवर उभी होती. पवळा महाराची लेक. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगतात. आमच्या बाईला नाचवून मिळविलेला पैसा आम्हाला नको, हा त्यातला अर्थ. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींच्या सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की हे जिणे सोडा. तसे सांगायलाच हवे होते. ज्या कलेत बाईच्या अंगावर गावाचा हक्क समजला जातो, तिचे गोडवे गाण्यात काय अर्थ?

पण आपण सोडले काय काय, याचा विचार करा. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातली अश्लील गवळण काढून टाकली आणि आंबेडकरी जलसा उभा केला. म्हणजे कला टाकून दिली नाही, धुऊन घेतली. मात्र त्या जलशांत स्त्रीपात्रे बहुतेक पुरुषच करीत. बाई बोर्डावरून खाली उतरली ती उतरलीच. आज आपल्या घरातली पोर म्हणाली, की मला नाटकात काम करायचे आहे, मालिकेत जायचे आहे, तर बापाच्या कपाळावर आठी पडते ती त्या जुन्या जखमेमुळे. जखम खरी आहे, पण तिच्यापायी पोरीची वाट अडते, हेही तितकेच खरे आहे. एन.ए.ए.सी.पी.ने १९५१ साली जे केले ते आपण १९३६ सालीच केले, १५ वर्षे आधी. त्यांनी १९६७ साली जे केले ते मात्र आपण अजून केलेले नाही.

शोभेचे काम कसे अडते ते मालिकांतच पाहा. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावर मराठीत स्टार प्रवाहवर आणि हिंदीत अँड टीव्हीवर मालिका सुरू झाल्या. वस्त्यावस्त्यांत लोकांनी जेवणे लवकर आटोपून त्या पाहिल्या. मराठी मालिकेत शिवानी रांगोळे यांनी रमाई केली, हिंदीत नेहा जोशी यांनी भीमाई केली. त्यापूर्वी जब्बार पटेलांच्या चित्रपटात सोनाली कुलकर्णी रमाई झाल्या होत्या. या अभिनेत्रींनी मनापासून कामे केली, त्याबद्दल आपल्या बायकांनी त्यांना डोक्यावर घेतले. अभिनेत्रीची जात विचारण्याचा रोग आपल्याला नको. पण रमाईच्या भूमिकेसाठी आपल्या वस्तीतल्या पोरीला साधी चाचणी द्यायला तरी कुणी बोलावले काय, हे विचारायला हरकत नसावी. अमेरिकेत रंग चेहऱ्यावर असतो. कोणाला काम मिळाले नाही ते दिसते, मोजता येते. आपल्याकडे जात आडनावात असते, आणि या धंद्यात गेलेल्या आपल्या पोरी-पोरांना आडनाव गाळावे असे वाटते. मग मोजणार कसे? वाहिन्या आपापल्या मालिकांना दरवर्षी आपणच पुरस्कार वाटतात, झगमगाट करतात. त्यांच्या वहीत आपले शून्यसुद्धा नसते.

पी. के. रोझी हे नावही मुलींना सांगावे. केरळातली ही गवत कापणाऱ्या दलित घरातली मुलगी मल्याळी चित्रपटाची पहिली नायिका. १९३० च्या सुमारास तिने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून वरच्या जातीच्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहात दगड फेकले, तिचे घर जाळले, तिला मुलूख सोडून तमिळनाडूत पळावे लागले. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या नावाने केरळ सरकार १९९२ पासून मोठा पुरस्कार देते. रोझीच्या नावाने चित्रपट मंडळ निघाले ते २०१९ साली, आणि तेही तिथल्या चित्रपटात काम करणाऱ्या बायकांनीच काढले.

आपल्या बीड जिल्ह्यात कलेची माती नाही असे कुणी म्हणू नये. वामन केंद्रे हे दरडवाडीचे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ते संचालक झाले, २०१९ साली पद्मश्री झाले. त्यांचे गाजलेले नाटक 'झुलवा' १९८७ चे, आणि ते होते उत्तम बंडू तुपे यांच्या जोगतिणींवरील कादंबरीवरून. बीडचा दिग्दर्शक, मातंग लेखक, आणि विषय १९३६ साली बाबासाहेबांनी ज्यांना हाक दिली त्याच बायकांचा. बाईला नाचविण्यासाठी नव्हे, तिचे दुःख सांगण्यासाठीही रंगमंच असतो, याचा यापेक्षा जवळचा दाखला कोणता द्यायचा?

मान मिळायला लागला की तो कुठून कुठे पोहोचतो तेही पाहा. पुण्याच्या येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक आज अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. त्यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर ग्रंथ लिहिला, तो २०२२ साली निघाला. पवळा, मंगला बनसोडे यांच्या आयुष्याकडे त्यांनी लाजेने पाहिले नाही, माणूस म्हणून पाहिले. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आठ लाख डॉलर्सची. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या दलित. ज्या बायकांचे नाव आपण घरात काढत नव्हतो, त्यांच्या अभ्यासाला जगाने एवढे मोल दिले.

मुंबईत मोठे सभागृह घेऊन आपला पुरस्कार सुरू करणे आपल्या हातात नाही. वस्तीतले मात्र आहे. ७ फेब्रुवारीला रमाई जयंती असते. तेव्हा जिल्ह्यातील पुष्कळ घरे कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली असतात, आणि पोरीही आईबापांबरोबर कोपीवर. १४ एप्रिलपर्यंत बहुतेक जोडपी परतलेली असतात. विहारापुढे मांडव पडतो, ऑर्केस्ट्रा ठरतो, बाहेरून गायक येतात, त्यांना मानधन मिळते, आणि मिळायलाच पाहिजे. त्याच मांडवात वस्तीतली सातवी-आठवीतली पोर आईचे जुने लुगडे नेसून रमाई होते. शेणाच्या गोवऱ्या थापते, राजरत्नच्या मरणावर रडते, आणि समोर बसलेल्या बाया पदराने डोळे पुसतात. पाच मिनिटांचे काम. ते संपले की सूत्रसंचालक 'टाळ्या' म्हणतो आणि पुढच्या पाहुण्यांचे नाव पुकारतो.

जयंतीची पत्रिका हातात घेऊन बघा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, वर्गणीदार, मंडप डेकोरेशनवाला, साउंडवाला, सगळ्यांची नावे असतात, फोटोही असतात. रमाई करणाऱ्या मुलीच्या जागी असते 'बालकलाकार'. यंदाच्या पत्रिकेत तिचे पूर्ण नाव घाला, आडनावासकट, आईचेही घाला. ऑर्केस्ट्राच्या खर्चातून पाचशे रुपये काढून तिच्या आईच्या हातून तिला द्या. आणि पुढच्या वर्षी ती पोर ऊसतोडीवर असेल तर मंडळाच्या वहीत तेही लिहून ठेवा.